बी.कॉम. करून सहा वर्षं अकाउंट्समध्ये काढली, कोडिंगचा गंध नाही, आता डेटा सायन्सकडे वळता येईल का?

येईल, नक्की. कोडिंगचा गंध नाही म्हणता, पण एक्सेलमध्ये व्ही-लुकअप लावत असालच ना? समान रकान्यावरून दोन तक्ते जोडायचे, एसक्यूएलमध्ये, म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढायच्या भाषेत, त्यालाच जॉइन म्हणतात. पिव्होट टेबल म्हणजे तिथलं ग्रुप बाय. म्हणून माझं मत, आधी एसक्यूएल, मग पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा आणि त्यातलं तक्ते हाताळायचं साधन, पांडाज.

संख्याशास्त्र मात्र टाळू नका. नऊ जणांना ३० हजार पगार आणि दहाव्याला ५ लाख, तर सरासरी ७७ हजार येते, मध्यक, म्हणजे पगार चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, ३० हजारच राहतो. यातला कुठला आकडा कधी सांगायचा, हे कळणं कोडपेक्षा मोलाचं आहे.

सरावाला टायटॅनिक जहाजावरच्या प्रवाशांचा डेटा सगळेच घेतात. तुम्ही अ‍ॅगमार्कनेट या शेतमालाच्या बाजारभावांच्या सरकारी संकेतस्थळावरचे लासलगावच्या कांद्याचे भाव घ्या. बाजार समिती बंद होती त्या दिवशी भाव शून्य धरायचा की ती जागा रिकामी ठेवायची? शून्य धरलात तर महिन्याची सरासरी कोसळते. कामातला खरा वेळ असल्याच प्रश्नांत जातो, आणि हिशेब जुळेपर्यंत न उठण्याची तुमची सवय इथे फार उपयोगी पडेल.

नोकरी शोधताना आधी डेटा अ‍ॅनालिस्टच्या जागा बघा, त्यातही वित्त किंवा ऑडिटशी संबंधित. आत्ताची नोकरी इतक्यात सोडू नका.