लहानपणीचा असा कोणता गेम कन्सोल, जो आता कुणालाच आठवत नाही?

सेगा मास्टर सिस्टीम २. मारिओवाले 'टीव्ही गेम' सगळ्यांना आठवतात, याचं नाव काढलं की समोरचा बघतच राहतो.

मुंबईचे काका गणपतीला देवगडला आले तेव्हा घेऊन आले होते. कॅसेट न लावताच सुरू केला की आतलाच ॲलेक्स किड नावाचा गेम चालू व्हायचा. मोठ्या कानांचा पोरगा, बुक्कीने दगड फोडणारा. आणि खलनायकाशी मारामारी नाही, तर दगड-कागद-कात्री! आरती सुरू झाली तरी आम्ही तिथेच. पॉजचं बटण कंट्रोलरवर नव्हतं, थेट कन्सोलवर, त्यामुळे आजीने हाक मारली की उठून जावं लागे. सेव्हची सोय नाही. पावसात लाईट गेली की पुन्हा पहिल्यापासून.

१९९१ चा आठ-बिट सोनिकही यावर होता. त्यातली ब्रिज झोन ही लेव्हल मेगा ड्राइव्हवाल्या (सेगाचाच पुढचा कन्सोल) सोनिकमध्ये नाहीच. (हे सांगून मी अजून भाव खातो.) ब्राझीलमध्ये मात्र हा कन्सोल पुढे कित्येक वर्षं विकला गेला.

माळ्यावर जुना सापडला तर कॅसेटमध्ये फुंकर मारू नका. खाऱ्या हवेने पिना आधीच काळवंडलेल्या असतात, त्यात थुंकीचा ओलावा. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाची काडी घ्या.