नागपूरच्या उन्हात कॉलेजसाठी काचेचा जिओडेसिक घुमट चालेल का?

तुम्ही विचारलंय की वनस्पतिशास्त्र विभागाला ६ मीटर व्यासाचा काचेचा जिओडेसिक घुमट, म्हणजे सरळ नळ्यांचे त्रिकोण जोडून केलेला घुमट हवाय, शिकवणं आणि प्रयोग दोन्हींसाठी. नागपुरात जमेल का? जमेल. फक्त थंड देशातला आराखडा जसाच्या तसा उचलू नका. तिकडे ऊब धरून ठेवायची असते, इथे नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, ती बाहेर काढायची आहे.

टू-व्ही प्रकारचा (वीस त्रिकोणी बाजूंच्या आकृतीची प्रत्येक कड दोन भागांत विभागून केलेला) अर्धगोल घ्या. हबच्या (नळ्या एकत्र येतात त्या जोडाच्या) मध्यापासून मध्यापर्यंत १.६४ मीटरच्या ३० नळ्या, १.८५ मीटरच्या ३५, हब २६, त्रिकोण ४०. त्यातले १० समभुज.

काच ५+५ मिमी लॅमिनेटेडच, म्हणजे मध्ये प्लास्टिकचा थर घालून चिकटवलेल्या दोन काचा. आपल्याकडे गारपीट होते, आणि नुसती टफन्ड (तापवून कडक केलेली) काच फुटली की खाली बसलेल्या मुलांवर तुकडे पडतात. समभुज त्रिकोण साधारण ४० किलोचा, सगळी काच मिळून जवळपास १४०० किलो.

सगळ्यात महागडी चूक म्हणजे ड्रॉइंगवरून काच मागवणं. आधी सांगाडा उभा करा, बोल्ट आवळा, मग प्रत्येक त्रिकोणाचा हार्डबोर्डचा साचा कापून त्यावर नंबर टाका. कडेला ५-६ मिमी फट सोडा. कारण सांगाड्याचं ॲल्युमिनियम उन्हात काचेच्या दुपटीहून जास्त प्रसरण पावतं. फटी भरायचं सिलिकॉन न्यूट्रल घ्या. व्हिनेगरसारखा वास येणारं लॅमिनेशनच्या थराला खातं आणि काच कडेने पांढुरकी होत जाते.

खिडक्या कुठे? शेंड्याच्या पाच त्रिकोणांत नको, तिथली बिजागरी खालच्या कडेला येते आणि पावसाचं पाणी थेट आत. त्यांच्या लगेच खालचे पाच समभुज त्रिकोण उलटे असतात, आडवी कड वर. त्यातले किमान तीन वरून बिजागरी लावून बाहेर उघडा, आणि तेवढ्यांत काचेऐवजी हलकं पॉलिकार्बोनेट बसवा. ताशी ३४०० घनमीटरचा एक्झॉस्ट पंखा मिनिटाला एकदा सगळी हवा बदलतो. पंख्याच्या समोरच्या बाजूला कूलिंग पॅड (कूलरसारख्या ओल्या जाळ्या) लावा. मे महिन्यात उत्तम चालतात, जुलैच्या दमटपणात जवळजवळ निरुपयोगी. शेड नेट बाहेरूनच टाका. आतून टाकलं तर ऊन काच ओलांडून आत आलेलंच असतं.

संशोधनाबाबत माझा आग्रह आहे: दोन तापमानांची तुलना एका घुमटात करू नका. कुंड्या शंभर असल्या तरी घुमट एकच, म्हणून प्रत्येक तापमानाची स्वतंत्र पुनरावृत्तीही एकच. खत, वाण, पाण्याची मात्रा यांची तुलना आत करता येते. दिशेनुसार ब्लॉक (कुंड्यांचे गट) पाडा आणि त्या-त्या ब्लॉकमध्ये कुंड्या दर आठवड्याला हलवा, कारण नळ्यांच्या सावल्या सरकत राहतात.

पंधराच्या वर मुलं बसवू नका. शिकवणाऱ्याने मधोमध उभं राहू नये, आवाज तिथेच परत येऊन घुमतो.