पाण्यावर कोथिंबीर-पुदिना खुशाल लावा, गांजा नाही: तुमच्या प्रश्नांची उत्तरं

राम राम मंडळी. महिनाभरापासून पाण्यावरच्या शेतीचे म्हणजे हायड्रोपोनिक्सचे इतके फोन न मेसेज येताहेत की एकेकाला सांगून माझा घसा बसला, म्हणून सगळ्यांचं एकदाच लिहून टाकतो. प्रश्न फिरून फिरून तेच आहेत. यावलकडचा एक तरुण भाऊ विचारतो की बाहेरदेशी लोक घरात तंबू टाकून, लाईट लावून पाण्यावर गांजा वाढवतात, आपण औषधापुरती दोन-चार झाडं लावली तर चालेल का, परवाना तुमच्या सरकारी ऑफिसात मिळतो का. अमळनेरच्या ताईंना गच्चीवर कोथिंबीर न पुदिना करायचाय, पण पाणी बोरचं आहे. चोपड्याच्या नानांची रोपं मे महिन्यात आठवड्याभरात कोमेजून बसली. आणि एका आप्पांचा प्रश्न तर अगदी सरळ, "साहेब, हाई पानीमा खरंच पिकस का?"

आधी गांज्याचं मिटवतो, कारण तिथं आत जायचं काम आहे. नाही चालत. दोन नाही, एक पण नाही. एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांचा कायदा १९८५ चा आहे, त्याच्या कलम २० मध्ये नुसत्या लागवडीलाच दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी न लाखापर्यंत दंड आहे, आणि झाड मातीत होतं का बादलीत, बांधावर होतं का बेडरूममध्ये, हे कोणी विचारत नाही. काही जण भांगेचा मुद्दा काढतात, की नुसती पानं न बी गांज्याच्या व्याख्येत येत नाही. बरोबर आहे, व्याख्या तशीच आहे, पण भाऊ, तुम्ही पानं लावत नाही, झाड लावता, आणि झाडाच्या व्याख्येत त्या जातीचं कुठलंही झाड येतं. कॅनडात २०१८ पासून बहुतेक प्रांतांत घरी चार झाडं चालतात, जर्मनीत एप्रिल २०२४ पासून मोठ्या माणसाला तीन, तुम्ही जे व्हिडिओ बघता ते तिकडचे असतात. आपल्याकडं उत्तराखंडनं धाग्यासाठी न बियासाठी औद्योगिक हेंपला (म्हणजे कमी नशेच्या भांगेच्या झाडाला) परवाने दिलेत, त्यात पण नशेचा घटक ०.३ टक्क्याच्या आत लागतो, आणि तो परवाना उत्तराखंडचा, आपल्या जिल्ह्यात त्याचा काही उपयोग नाही. आमच्या ऑफिसात असला कुठलाच परवाना मिळत नाही.

अजून एक गोष्ट, जी बऱ्याच जणांना माहीत नसते. सरकारी माणसाला, सरपंचाला, पंचाला असली लागवड कळली की पोलिसांना कळवणं कलम ४७ प्रमाणं बंधनकारक आहे. म्हणजे तुम्ही मला विश्वासानं फोटो पाठवला तर तुम्ही मलाच अडचणीत आणता. जमीनमालकाला पण कलम ४६ लागतं, म्हणजे निम्म्या वाट्यानं वावर दिलंय न आत काय चाललंय ते माहीत असून गप्प बसलात तरी अंगाशी येतं. शिरपूरकडं सातपुड्याच्या पायथ्याला तुरीच्या न कापसाच्या आत लावलेला गांजा पोलीस उपटतात, त्या बातम्या तुम्ही पण वाचता. कोणाला दुखण्यासाठी पाहिजे असेल तर डॉक्टरला विचारा, तो विषय माझा नाही.

आता कोथिंबीर. आप्पा, पिकस, चांगलं पिकस. आणि खरं सांगू का, आपल्या भागातल्या केळीवाल्याला हे निम्मं आधीच येतं. तुम्ही ड्रिपमधून १३:०:४५ सोडता, ०:५२:३४ सोडता (हे आकडे म्हणजे विरघळणाऱ्या खतातले नत्र, स्फुरद न पालाशचे टक्के), कॅल्शियम नायट्रेट वेगळं सोडता, ॲसिडनं लॅटरल म्हणजे ड्रिपच्या नळ्या धुता, हायड्रोपोनिक्स म्हणजे हेच, फक्त मधली माती काढून टाकायची. माती काढली की मातीची मेहेरबानी पण जाते हे मात्र लक्षात ठेवा. वावरात डोस थोडा चुकला तर माती सांभाळून घेते, पाण्यात चुकला की तिसऱ्या दिवशी पानाची कड जळते.

सुरुवातीला पाईप, पंप, स्टँड काही घेऊ नका. रंगाची २० लिटरची बादली किंवा माशाच्या बर्फाचा थर्माकोलचा खोका घ्या, झाकणाला भोकं पाडा, भोकात चहाचे प्लास्टिकचे कप बसवा, कपाला खिळा तापवून बुडाशी न बाजूनं छिद्रं पाडा, आत धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा, केळीच्या नर्सरीत मिळतो, दोन-तीन पाणी धुवा, त्यात मीठ असतं). पाणी कपाच्या बुडाला जेमतेम टेकेल एवढंच. रोप पाणी पीत जातं, पातळी खाली जाते, आणि मधे जी मोकळी जागा होते तिथली मुळं हवा घेतात. इथंच नवीन माणूस चुकतो, पाणी कमी झालं म्हणून रोज वरपर्यंत भरतो न ती हवेतली मुळं गुदमरतात. भरायचंच तर अर्ध्यापर्यंत भरा. ह्या पद्धतीला क्रॅटकी म्हणतात, हवाई विद्यापीठातल्या क्रॅटकी नावाच्या शास्त्रज्ञाची आहे, लाईट लागत नाही, आपल्या लोडशेडिंगला एकदम फिट. खोका आत उजेड जाणार नाही असा पाहिजे नाहीतर शेवाळ धरतं, आणि भोकं घट्ट पाहिजे नाहीतर डास अंडी घालतील न गल्लीत डेंग्यूचं नाव तुमच्या घरावर येईल.

धणे दुकानातले चालतात, फक्त हलके रगडून दोन फाकी करा न रात्रभर भिजत घाला. उगवायला आठ-दहा दिवस लागतात, रोज कप उकरून बघू नका. पुदिन्याला तर बी पण नको, बाजारच्या जुडीतल्या चार जाड काड्या खालची पानं काढून ग्लासात ठेवा, आठवड्यात पांढरी मुळं दिसतात. मेथी येते, सब्जा झकास येतो. गवती चहा मात्र कुंडीतच बरा, एवढा मोठा ठोंब खोक्यात कशाला.

खताचं. १९:१९:१९ टाकून भागेल का असं निम्म्या लोकांनी विचारलंय. नाही भागत, एक तर त्यात कॅल्शियम नाही, दुसरं म्हणजे त्यातला बराचसा नत्र युरियाच्या रूपात असतो आणि युरिया फोडणारे जिवाणू मातीत असतात, तुमच्या बादलीत पुरेसे नसतात. १० लिटर चांगल्या पाण्याला कॅल्शियम नायट्रेट ७ ग्रॅम, १३:०:४५ चार ग्रॅम, ०:५२:३४ दोन ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट चार ग्रॅम, आणि चिलेटेड मायक्रोन्यूट्रिएंट (लोह-जस्तासारख्या सूक्ष्म अन्नद्रव्यांची पूड) नुसती चिमूट. वजन सोनाराच्या छोट्या काट्यावर करा, चमच्यानं नाही. कॅल्शियम नायट्रेट वेगळ्या तांब्यात विरघळवा न सगळ्यात शेवटी भरलेल्या पाण्यात सोडा, घट्ट द्रावणात फॉस्फेट-सल्फेटशी गाठ पडली की चुन्यासारखा गाळ बसतो, मग ते खत रोपाच्या काही कामाचं राहत नाही. व्हेंचुरीत (ड्रिपमध्ये खत ओढून घेणारा भाग) हा गाळ ज्यानं एकदा खरवडलाय त्याला सांगायला नको. रोपं लहान असताना हेच अर्ध्या ताकदीनं द्या.

ताई, तुमच्या बोरच्या पाण्याचं. आधी टीडीएसचं म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजायचं पेन घ्या, काहीशे रुपयांत मिळतं. खत टाकल्यावर पेनावर ८०० ते १००० च्या आत राहिलं पाहिजे, आणि वरचं खतच साधारण ८०० दाखवतं. आता बोरचंच पाणी जर ९०० असेल तर ग्लास आधीच खारट पाण्यानं भरलेला आहे, खताला जागाच नाही. मग आरओचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी एवढं मिसळा की पेन २०० च्या खाली येईल, नुसतं निम्मं मिसळून भागणार नाही. सामू (पीएच) ५.५ ते ६.५ पाहिजे, आपल्याकडचं पाणी साडेसात-आठच्या पुढंच असतं, म्हणून नवीन पान पिवळं न शिरा हिरव्या असं दिसतं, लोक अजून खत टाकतात, खत असतंच, लोह उचललं जात नाही. फॉस्फोरिक ॲसिड थेंबाथेंबानं टाकून सामू खाली घ्या, हातमोजे घालून, आणि ॲसिड पाण्यात टाकायचं, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही. लिंबू पिळून एक-दोन दिवस उतरतो, परत चढतो.

नाना तुमचं सगळ्यात शेवटी घेतलं कारण तेच आपल्या खान्देशचं खरं दुखणं आहे. नाना मे महिन्यात खोक्याचं झाकण कॅरीबॅगमध्ये घालून गाडीवर ऑफिसला घेऊन आले. मुळं चहात पडलेल्या सुतळीसारखी, वास गटारीचा. मी बोटात धरून एक मूळ हळूच ओढलं तर वरचं साल मोज्यासारखं निघून हातात आलं न आत नुसता दोरा राहिला. ही पिथियमची, म्हणजे मुळं सडवणाऱ्या बुरशीसारख्या रोगाची खूण, बुरशीनाशकानं हे सुधरत नाही, फेकून द्या न खोका ब्लीचनं धुवा. कारण साधं आहे, २० अंशाच्या पाण्यात लिटरमागं ९ मिलिग्रॅम प्राणवायू राहतो, ३५ ला सातच्या आसपास येतो, आणि गरम झालेलं मूळ नेमका तेव्हाच जास्त मागतं. मी स्वतः हे करून बसलोय, पहिल्या वर्षी हौसेनं काळं टाकं गच्चीवर ठेवलं, एप्रिलात दुपारी तीनला थर्मामीटर घातला तर पाणी ३८, हात घातला तर अंघोळीचं वाटावं, तीन दिवसांत सगळी कोथिंबीर झोपली. बायको म्हणाली, एवढ्या पैशात वर्षाची कोथिंबीर आली असती. खोटं नाही बोलली.

म्हणून आपल्याकडं दसऱ्यानंतर लावा न फेब्रुवारीत आवरा. कोथिंबीर चाळीस दिवसांत कापायला येते, म्हणजे दोन-तीन फेऱ्या सहज होतात. मार्चला जे चालू आहे ते खाली सावलीत आणा, ५० टक्क्याची शेडनेट, थर्माकोलचाच खोका, बाहेरून पांढरा. पाणी २८ च्या वर जायला लागलं की पुदिना एकवेळ तग धरेल, कोथिंबीर फुलावर येते नाहीतर सडते. गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या सोडणारे पण आहेत, दोन खोक्यांना ठीक आहे, वीस खोक्यांना फ्रीज पुरणार नाही.

धंद्याचं विचारणाऱ्यांना एवढंच, हिवाळ्यात हे छान पिकतं तेव्हा बाजारात जुडी मातीमोल असते, आणि भाव असतो तेव्हा आपलं पाणी उकळलेलं असतं. लाखाचा सेट घ्या, माल आम्हीच उचलतो असं सांगणारे येतील, त्यांना माल उचलण्याचं स्टॅम्पवर लिहून मागा न मागच्या वर्षी घेतलेल्या दोन शेतकऱ्यांचे नंबर मागा, मग बघा चहा तरी पूर्ण पितात का.

राहिलेलं जुनं पाणी गटारीत ओतू नका, दुप्पट साधं पाणी घालून कढीपत्त्याला नाहीतर दारच्या केळीला टाका. आणि ताई, पेनावर तुमचं बोरचं पाणी किती दाखवतंय तेवढं आकडा लिहून पाठवा, मग किती आरओ मिसळायचं ते सांगतो.