काठगोदाम ते मुनस्यारी : एका दिवसात की दोन?

प्रश्न : दिवाळीनंतरच्या सुट्टीत आम्ही उत्तराखंडातील मुनस्यारी या गावी जाणार आहोत. सोबत माझी ६८ वर्षांची आई आहे. तिला मधुमेह आहे आणि गुडघेही दुखतात. सहल आखून देणाऱ्यांनी असा बेत सुचवला आहे की दिल्लीहून रात्रीच्या रेल्वेने निघून पहाटे काठगोदामला उतरावे आणि त्याच दिवशी मोटारीने मुनस्यारी गाठावे. अंतर साधारण २८० किलोमीटर आहे. साताऱ्याहून मुंबईला आम्ही जवळपास एवढेच अंतर पाच तासांत जातो. तरीही आईला हा प्रवास झेपेल का? शिवाय तिथे हवा विरळ असेल, तर प्राणवायूचा सिलिंडर सोबत घ्यावा का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : माझे स्पष्ट मत असे आहे की आईंना घेऊन हा प्रवास एका दिवसात करू नये. साताऱ्याच्या रस्त्याशी तुलना करताना आपण फक्त किलोमीटर मोजले आहेत, पण कुमाऊँमधले (उत्तराखंडाच्या पूर्वेकडील डोंगराळ भागातले) अंतर चढ-उतारांत मोजावे लागते. तिथल्या नद्या हिमालयातून दक्षिणेकडे उतरतात आणि आपला रस्ता त्या नद्यांची खोरी एकामागून एक आडवी ओलांडत जातो. काठगोदाम समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटरवर आहे. तेथून गाडी भवालीपर्यंत चढते, मग खैरन्याजवळ कोसी नदीच्या काठी उतरते, पुन्हा चढून अल्मोड्याला पोहोचते (हे गाव जवळजवळ आपल्या कळसूबाईच्या शिखराइतक्या उंचीवर वसले आहे), सेराघाटला शरयू नदीपर्यंत उतरते, बेरीनागला चढते, थल येथे पूर्व रामगंगेच्या काठी उतरते आणि दिवसभराच्या थकव्यानंतर, अगदी शेवटी, सुमारे २,७०० मीटर उंचीची कालामुनीची खिंड चढून २,२०० मीटरवरच्या मुनस्यारीत उतरते. एवढे सारे चढ-उतार सलग वळणांचे असल्याने वाटेत काहीही अडथळा आला नाही तरी दहा ते बारा तास लागतात, आणि आपण त्याआधीची रात्र रेल्वेत काढलेली असते.

अडथळे येतातच. भवालीच्या पुढे कैंची धाम आहे. तेथील नीम करौली बाबांच्या आश्रमाला येणाऱ्या गर्दीमुळे सुट्टीच्या दिवसांत सकाळी उशिरा वाहनांच्या लांबच लांब रांगा लागतात. त्यापुढे क्वारबजवळचा डोंगर खचत असतो आणि पावसाळ्यानंतरही तेथे वाहतूक थांबवली जाते. आणखी एक गोष्ट आपल्याकडच्या प्रवाशांच्या लक्षात येत नाही. मुनस्यारी आपल्यापेक्षा पुष्कळ पूर्वेला आणि उत्तरेला असल्यामुळे ऑक्टोबरच्या उत्तरार्धात तेथे साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि खोऱ्यात तर त्याच्या कितीतरी आधी सावली पडते. साताऱ्याच्या सवयीने आपण साडेसहापर्यंत उजेड धरून चालाल, तर कालामुनीचा सर्वांत अवघड चढ अंधारात आणि थकलेल्या चालकाच्या भरवशावर चढावा लागेल.

काही वर्षांपूर्वी मी स्वतः माझ्या मावशीला घेऊन हीच चूक केली होती. वाटेत स्वच्छतागृह मिळेल की नाही, या धास्तीने तिने सकाळपासून पाणी पिणे बंद केले होते आणि हे आम्हाला कोणालाही कळले नाही, कारण विचारले की ती "मी बरी आहे" एवढेच म्हणत असे. रात्री साडेआठला पोहोचल्यावर तिला गाडीतून उतरवताना तिची पावले सुजलेली दिसली, आणि पुढचा संपूर्ण दिवस ती अंथरुणावरच होती. म्हणून आपल्याला मनापासून सांगतो की वाटेतल्या थांब्यांचा विचार निसर्गदृश्यांपेक्षा आधी स्वच्छतागृहांच्या दृष्टीने करावा आणि तो आईंना निघण्यापूर्वीच सांगून टाकावा. अमुक ठिकाणी सोय आहे, हे ठाऊक असले की घरातल्या ज्येष्ठ स्त्रिया निर्धास्तपणे पाणी पितात. अल्मोडा, बेरीनागजवळचे चौकोडी, थलच्या पुढचे बिर्थी आणि मुनस्यारी या चारही ठिकाणी कुमाऊँ मंडल विकास निगमची पर्यटक निवासगृहे आहेत. तेथे चहा घेण्यासाठी थांबले तर ही सोय होते.

माझ्या मते मुनस्यारीतला एक मुक्काम कमी करून तो जाताना चौकोडीला करावा. काठगोदामला उतरल्यावर लगेच गाडीत न बसता स्नान आणि न्याहारी उरकून सातला निघावे, म्हणजे गर्दी वाढण्याच्या आत कैंची मागे पडते. अल्मोड्याला अकराच्या सुमारास जेवावे. तेथील बालमिठाई आईंच्या ताटात नको, पण घरी नेण्यासाठी अवश्य घ्यावी. चारपर्यंत चौकोडीला पोहोचता येते. दुसऱ्या दिवसासाठी सुमारे शंभर किलोमीटर उरतात. सकाळी आठला निघून, बिर्थीच्या धबधब्याखाली निवांत थांबूनही, दुपारी दोनच्या आत मुनस्यारीत पोहोचता येईल. परतताना अल्मोड्याला मुक्काम करावा.

आईंची औषधे आणि जेवणाच्या वेळा घरच्याप्रमाणेच पाळाव्यात. घाटातले हॉटेल अर्ध्या तासावर असेल असे धरून जेवण लांबवले आणि गोळी मात्र वेळेवर घेतली, तर साखर एकाएकी उतरू शकते. यासाठी दशम्या, फुटाणे आणि साखरेची पुडी हाताशी, डिकीतल्या बॅगेत नव्हे, ठेवावी. दर दीड तासाला त्यांना उतरवून दहा मिनिटे चालू द्यावे आणि गाडीत बसल्या जागी घोट्यातून पावले हलवायला सांगावे. निघण्यापूर्वी त्यांच्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, हे वेगळे सांगायला नकोच.

सिलिंडर लागणार नाही. उंचीचा त्रास साधारणपणे २,५०० मीटरच्या वर मुक्काम केल्यास होतो. मुनस्यारी त्याहून खाली आहे आणि कालामुनीची खिंड आपण गाडीतून काही वेळात ओलांडतो. या रस्त्यावर डोके दुखले किंवा मळमळले, तर त्याचे कारण बहुतेक वेळा उपाशी पोट, पाण्याची कमतरता, अपुरी झोप आणि वळणे हेच असते.

पंचाचूलीची हिमशिखरे मुनस्यारीच्या ईशान्येला आहेत, त्यामुळे मावळतीचे ऊन थेट त्यांच्यावर पडते आणि आकाश निरभ्र असेल तर ती काही मिनिटे तांबूस-केशरी दिसतात. दुपारी पोहोचलात तर हे दृश्य आईंना त्याच संध्याकाळी, एक पाऊलही न चालता, खोलीसमोरच्या खुर्चीत बसून पाहता येईल.

प्रश्न : आम्हीही मुनस्यारीलाच जात आहोत, पण काठगोदामजवळच्या हल्द्वानीहून शेअर जीपने आणि एका दिवसात, मुक्काम वाढवणे शक्य नाही. नऊ वर्षांच्या मुलीला माळशेज घाटातही उलट्या होतात. काय करावे?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : आदल्या संध्याकाळीच जीपच्या अड्ड्यावर जाऊन पुढच्या दोन जागा सांगून ठेवाव्यात, आणि त्या न मिळाल्यास मधली रांग घ्यावी, मागच्या आडव्या बाकावर मुलीला मुळीच बसवू नये. कानातील तोल सांभाळणारे इंद्रिय शरीर वळत असल्याचे सांगते आणि गाडीच्या आत खिळलेले डोळे मात्र काहीच हलत नसल्याचे सांगतात. या विसंगतीतून मळमळ सुरू होते. म्हणून मोबाइल आणि पुस्तक बाजूला ठेवून तिने समोरच्या रस्त्याकडे पाहत राहावे आणि खिडकी थोडी उघडी असावी. रिकाम्या पोटी नेणे हा उपाय नव्हे. निघण्यापूर्वी थोडी कोरडी पोळी किंवा चुरमुरे द्यावेत आणि वाटेत आलेपाकाचा लहानसा तुकडा चघळायला द्यावा. अनेकांना त्याने बरे वाटते. उलटी थांबवणाऱ्या गोळीची मात्रा मुलीच्या वजनाप्रमाणे बालरोगतज्ज्ञांकडून ठरवून घ्यावी. ती प्रवासाच्या अर्धा ते एक तास आधी घ्यावी लागते. मळमळ सुरू झाल्यावर दिलेल्या गोळीचा फारसा उपयोग होत नाही. या गोळीमुळे झोप येते, आणि मुलगी झोपली तर तिला तसेच झोपू द्यावे.

जीपमध्ये बसतानाच चालकाला आणि सहप्रवाशांना या त्रासाची कल्पना द्यावी. त्या भागातल्या चालकांना हे नवे नाही आणि ते विनातक्रार गाडी थांबवतात. मात्र मुलगी "थांबवा" म्हणाली की त्याच वळणावर थांबायला हवे, पुढचे गाव येईपर्यंत वाट पाहू नये. उलटी झाल्यावर तिला रागावू नये. चूळ भरायला द्यावी, दोन घोट पाणी द्यावे आणि पाच मिनिटे मोकळ्या हवेत उभे करून मगच पुन्हा गाडीत बसवावे.