आधी ती वही परत करा

नमस्कार,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलीला गणितात ७२ गुण आहेत, तिला मोठ्या ताऱ्यांच्या क्ष-किरणांवर संशोधन करायचंय, तुम्ही इंजिनिअरिंग ठरवलंय आणि मी तिची समजूत घालावी, असं तुम्ही लिहिता. गुणांची मला काळजी वाटली नाही. काळजी वाटली ती शेवटच्या ओळीने: 'तिची ताऱ्यांची वही मी कपाटात कुलूपबंद केली आहे.'

ती कशात वेळ घालवते हे कळावं म्हणून त्याच वहीच्या एका पानाचा फोटो तुम्ही पाठवलात. मी तो मोठा करून पाहिला. 'सूर्याचे क्ष-किरण करोनातून येतात' असं लिहून तिने खाली विचारलंय, 'पण या ताऱ्यांचा बाहेरचा थर सूर्यासारखा उकळत नाही. मग करोना तापवतं कोण?' (करोना म्हणजे सूर्याभोवतीचं अतितप्त वायूचं आवरण.) पुढे समासभर खाडाखोड. अहो, १९७८ साली अवकाशात सोडलेल्या आइन्स्टाइन वेधशाळेला या ताऱ्यांचे क्ष-किरण दिसले, तेव्हा जाणकारही इथेच अडले होते! ताऱ्याचा पृष्ठभाग तीस-चाळीस हजार अंशांचा आणि क्ष-किरणांना लागतात लाखो अंश. उत्तर सापडलं वाऱ्यात. ताऱ्याचा प्रखर प्रकाशच वायूला सेकंदाला दोन-दोन हजार किलोमीटर वेगाने बाहेर ढकलतो. हे ढकलणं एकसारखं होत नाही; वेगवान झोत संथ वायूवर आदळतात, आणि त्या धडकेत वायू तापतो. तुमची मुलगी एकटीने नेमक्या त्या अडचणीपर्यंत पोचली आहे.

'रात्रभर दुर्बिणीला डोळा लावून पोट भरत नाही,' हे मात्र तुम्ही चुकीचं धरून चाललात. क्ष-किरण हवेतून जमिनीपर्यंत पोचतच नाहीत. चंद्रा आणि एक्सएमएम-न्यूटन या दुर्बिणी १९९९मध्ये अवकाशात गेल्या. संशोधक बसतो कॉम्प्युटरसमोर. त्याच्या हाती येते फोटॉनांची, म्हणजे प्रकाशकणांची, यादी: प्रत्येक कण कधी आला, त्याची ऊर्जा किती. ताऱ्याच्या पलीकडून येणारे किरण वाऱ्यात जास्त शोषले जातात, म्हणून वर्णपटातली, म्हणजे किरणांच्या ऊर्जेनुसार काढलेल्या आलेखातली, रेषा एका बाजूला कलते. त्या कलण्यावरून तारा किती वस्तुमान उधळतोय, हे काढतात. हे सगळं संख्याशास्त्र आणि प्रोग्रामिंग आहे, आणि त्याला इतर क्षेत्रांतही मागणी आहे.

वाट भौतिकशास्त्राची पदवी, पदव्युत्तर, पीएचडी अशी. कायमच्या जागा थोड्या, आधी अनेक वर्षं तात्पुरत्या नेमणुका. हे तिलाही स्पष्ट सांगा. कॅल्क्युलस तिला पक्कं करावंच लागेल, त्यात सूट नाही.

तिची समजूत मी घालणार नाही. आज संध्याकाळी वही तिच्या हातात द्या आणि ते पान तिच्याकडून समजून घ्या. मध्ये बोलू नका. चंद्रा दुर्बिणीची जुनी निरीक्षणं कोणालाही मोफत उतरवून घेता येतात. तिला झीटा पपिस या ताऱ्यापासून सुरुवात करू द्या. आणि पुढचं पत्र तुम्ही नको, तिला लिहू द्या.