ओठ हलवणं हेही कामच

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

नायिकेचं काम मिळालं, संगीतप्रधान चित्रपट आहे, आणि त्यातलं एकही गाणं तुझ्या गळ्यातलं नाही म्हणून तू हिरमुसली आहेस. इतकी वर्षं तानपुऱ्यापाशी बसून शेवटी नुसते ओठच हलवायचे का, असा तुझा सवाल. सवाल रास्त आहे. पण हो-नाही ठरवायच्या आधी तुला जुन्या काळच्या गाणाऱ्या नटी शांता आपट्यांकडे पाठवते.

नाव तू ऐकलं असशील. त्यांच्याबद्दल लोक दोनच गोष्टी रंगवून सांगतात. एका संपादकाला त्याच्या कचेरीत जाऊन छडीने हाणल्याची, आणि उपोषणाची. छडीची गोष्ट मी सोडून देते, ती ज्याच्या त्याच्या तोंडी वेगळी असते. उपोषणाकडे येणार आहे. पण त्याच्याही आधी त्यांचं गाणं.

शांताबाई मूळच्या सोलापूर जिल्ह्यातल्या दुधनीच्या. गाण्याची तालीम पंढरपूरला झाली. 1932 साली भालजी पेंढारकरांच्या ‘श्यामसुंदर’मध्ये पहिल्यांदा पडद्यावर आल्या. दोन वर्षांनी ‘प्रभात’ फिल्म कंपनीच्या ‘अमृतमंथन’मध्ये. मग ‘अमरज्योती’, ‘कुंकू’, ‘गोपालकृष्ण’. या चारपाच वर्षांत त्यांनी जे करून ठेवलं, त्यासाठी मी तुला त्यांचं नाव सांगतेय.

त्या काळचं चित्रीकरण डोळ्यांसमोर आण. हिंदी चित्रपटात प्लेबॅक, म्हणजे आधी रेकॉर्ड केलेल्या गाण्यावर ओठ हलवणं, आला 1935 मध्ये. त्याआधी कॅमेऱ्यासमोर उभं राहायचं आणि तिथेच गायचं. तबलजी, पेटीवाला झाडाआड नाहीतर खांबाआड, चौकटीबाहेर. माइक डोक्यावर कुठेतरी टांगलेला. मान जरा जास्त वळवली की आवाज गेला. समेवर चूक झाली की अख्खं गाणं पहिल्यापासून. तेव्हाचे बरेच नट-नट्या गाताना खिळल्यासारखे का दिसतात, ते आता लक्षात येईल. शिवाय त्यांच्यातले कितीतरी नाटकातून आलेले, त्यांना गाणं म्हणजे प्रवेश थांबवून प्रेक्षकांकडे तोंड करून म्हणायची चीज. त्यात ‘प्रभात’चे बरेच चित्रपट मराठी आणि हिंदी असे दोन्हीत निघायचे. म्हणजे सगळं काम दुहेरी.

शांताबाईंनी हा खिळलेपणा मोडला. त्यांचे डोळे गातात, खांदा गातो, बोलता बोलता वाक्य कधी सुरात गेलं ते कळत नाही. हल्लीच्या मुली त्यांचे चित्रपट बघतात आणि म्हणतात, आवाज जुना वाटतो. वाटणारच. तू आवाज बंद करून बघ. मी गंमत करत नाही. एकदा आवाज बंद करून, एकदा डोळे मिटून. दोन्ही वेळा बाई तीच कळते की नाही, ते मला लिही.

त्यातही 1937 चा ‘कुंकू’ आधी घे. शांतारामबापूंचं दिग्दर्शन, केशवराव भोळ्यांचं संगीत, ना. ह. आपट्यांच्या कादंबरीवरून. फसवून म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधलेली नीरा. ती नवरा म्हणून त्याला मानत नाही आणि घर सोडूनही जात नाही. केशवराव दात्यांचा म्हातारा आरशासमोर पांढरे केस काळे करू बघतो, भिंतीवरचं जुनं घड्याळ त्याच्या वयाची आठवण करून देत राहतं. पार्श्वसंगीत जवळपास नाहीच. घरातले, रस्त्यावरचे आवाज तेवढे. ज्या चित्रपटात पेटी-तबल्याचा असा आधार नाही, तिथे गायिकेने गाणं सुरू करायचं म्हणजे केवढी जोखीम, विचार कर. ते गाणं त्या बाईलाच सुचलंय असं वाटलं नाही तर सगळं हास्यास्पद.

आणि तिथे नीरा चक्क इंग्रजी कविता गाते, लाँगफेलोची. मुक्या गुरांसारखं हाकलं जाऊ नका, झुंजा, अशा अर्थाची. 1937 सालच्या मराठी घरातली मुलगी, नऊवारीत. कागदावर हे वाचलं तर ओढूनताणून आणलेलं वाटेल. पडद्यावर वाटत नाही, कारण शांताबाई ती कविता कुणाला ऐकवत नाहीत, स्वतःलाच बजावतात. हरकती, मुरक्या त्यांच्या गळ्यात होत्याच. तिथे त्या आवरल्यात. ते आवरणं बघ. तुझ्या गुरुजींनी तुला घ्यायला शिकवलं, आता टाकायला कॅमेरा शिकवेल.

आता तुझ्या ओठांकडे. प्लेबॅकमध्ये नुसते ओठ हलवणारी नटी लगेच पकडली जाते, कारण ओठ बरोबर असतात आणि मान मेलेली असते. तार सप्तकात गेल्यावर गळ्याची शीर ताठते, लांब तानेआधी छाती भरते, ओळ संपल्यावर उरलेला श्वास सुटतो. हे नाटक करून येत नाही. तेव्हा टेकमध्ये खरोखर गा, मोकळ्या गळ्याने. लाउडस्पीकर चालू असतो, तुझा आवाज कुठे जाणार नाहीये. रेकॉर्डिंग झाल्या झाल्या ट्रॅक मागून घे, शूटिंगच्या सकाळी नव्हे. त्या गायिकेने श्वास कुठे घेतलाय, कुठे चोरलाय, ते वहीत खुणा करून पाठ कर. शब्द सगळेच पाठ करतात. आणि जमलं तर तिच्या रेकॉर्डिंगला जाऊन बस. तिला प्रसंग सांग, तू तिथे बसलेली असशील की चालत, रडून झाल्यावर गाशील की आधी. चांगली गायिका हे विचारतेच. तुझ्यासारखी गाणारी मुलगी या बाबतीत इतरांपेक्षा दहा पावलं पुढे आहे, आणि तू रुसून बसलीस.

आता उपोषण. 1939 मध्ये ‘प्रभात’शी त्यांचं करारावरून बिनसलं आणि त्या पुण्यात स्टुडिओच्या फाटकाशी उपोषणाला बसल्या. आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे तीच ही जागा. तेव्हा नट-नट्या कंपनीच्या पगारी नोकर असत. करार कंपनीचा, वेळ कंपनीचा, दुसरीकडे काम करायचं तर मुभा कंपनीची. एवढ्या नावाजलेल्या नटीने फाटकाशी बसावं याची तेव्हा चर्चा झाली, टिंगलही झाली. मला त्यात थाटमाट दिसत नाही. गिरणीच्या फाटकाशी कामगार बसतो, तशा त्या बसल्या, आणि स्वतःला कामगार समजणारी नटी त्या काळात दुर्मीळच. पुढच्याच वर्षी त्यांनी पुस्तक लिहिलं, ‘जाऊ मी सिनेमात?’ तू मला विचारतेस तोच प्रश्न. या धंद्यात कलावंत कसा पिळला जातो हे त्यांनी त्यात आडपडदा न ठेवता मांडलं. एखाद्या जुन्या ग्रंथालयात मिळालं तर मिळव.

‘प्रभात’नंतर त्या हातपाय गाळून बसल्या नाहीत. 1941 च्या तमिळ ‘सावित्री’त त्या सावित्री झाल्या, त्यासाठी तमिळ शिकल्या. त्यात नारद होत्या एम. एस. सुब्बुलक्ष्मी, आणि त्या भूमिकेच्या पैशांतून ‘कल्की’ नियतकालिक उभं राहिलं. पुढच्या वर्षी लाहोरच्या पांचोलींचा ‘जमीनदार’, गुलाम हैदरांचं संगीत. मग काळ फिरला. चाळीसचं दशक संपता संपता पार्श्वगायिकांचं राज्य आलं आणि गाणाऱ्या नटीची गरजच उरली नाही. शांताबाई पन्नाशीही न गाठता 1964 मध्ये गेल्या. या शेवटच्या वर्षांवर हळहळणारे लेख पुष्कळ येतात, मला ते आवडत नाहीत. ज्यांनी तिचं काम पाहिलेलं नाही त्यांनाच तिची कीव करायची घाई असते.

तर करार. तू लिहितेस, ‘सही करून टाकू का, सगळे करतात.’ थांब. चार गोष्टी आधी बघ. किती काळ दुसरीकडे काम करायचं नाही असं लिहिलंय, आणि त्या काळाचे पैसे मिळणार आहेत का. शूटिंग पुढे ढकललं तर तुझ्या अडकलेल्या तारखांचं काय. तालमीचे दिवस मोजलेत की नाही. नाच-गाण्याच्या चित्रपटात खरं मरण तालमीत असतं, आणि निर्मात्याच्या हिशेबात तीच फुकट जाते. शेवटचं, डमी म्हणून, म्हणजे खरी गायिका गाईपर्यंतचं कच्चं रेकॉर्डिंग म्हणून, तुझ्याकडून गाणं गाऊन घेतील, ‘तुला सूर आहेत ना, गा जरा’ म्हणतील, आणि तोच आवाज पुढे कुठेतरी वापरतील. तो वापरायचा तर लेखी परवानगी आणि वेगळे पैसे, असं कलम घालून घे. 2012 च्या कॉपीराइट कायद्याच्या दुरुस्तीने गाणाऱ्यालाही व्यावसायिक वापराच्या रॉयल्टीचा हक्क दिलाय. निर्मात्याचा माणूस हे आपणहून सांगणार नाही.

एक गाणं तरी तुला द्या, असं जरूर सुचव. अट म्हणून घालू नकोस. नाही म्हणाले तर चेहरा पाडायचा नाही आणि भूमिका सोडायची नाही. भूमिका चांगली आहे, तू पाठवलेली पानं मी वाचली. दुसऱ्या गाण्याआधीचा प्रवेश मात्र लांबलाय, दिग्दर्शकाशी बोल.

कराराची पूर्ण प्रत पाठव, नुसता शेवटचा कागद नको. सहीची तारीख त्यांनी सोमवारची दिली असली तर आठवड्याने पुढची माग, देतात. आणि ‘कुंकू’ बघितल्याशिवाय मला फोन करू नकोस.

तुझी,
ताई