गुंडाळलेल्या मितीतली बेरीज: ते अनंत जातं कुठे?

प्रश्न थोडक्यात असा: "पाचवी मिती वर्तुळाकार धरली की क्वांटम क्षेत्राच्या मोडची (कंपनाच्या प्रकारांची) ऊर्जा मिळवली की बेरीज अनंत येते. सर मग झीटा फंक्शन (अशा अनंत बेरजांना सांत किंमत देणारं फलन) लावतात, 1+2+3+… च्या जागी −1/12 लिहितात आणि पुढे जातात. हे गणित आहे की हातचलाखी? आणि अशा अवकाशकालात लूपची (निघाल्या बिंदूलाच परत येणाऱ्या बंद मार्गांची) गणितं नेमकी कशी करायची?"

हातचलाखी नाही. पण बहुतेक ठिकाणी ती ज्या घाईने शिकवली जाते त्यामुळे तशी वाटते, आणि तुम्हाला ती खटकली याचा मला मनापासून आनंद झाला. मी कोल्हापुरात एम.एस्सी.च्या मुलांना हा विषय शिकवते. दरवर्षी या −1/12 पाशी मी मुद्दाम दोन तास थांबते.

आधी मांडणी. कल्पना कलुझाची (1921), तिला क्वांटम रूप दिलं क्लाइनने (1926). वर्तुळाचा घेर L. एक फेरी मारून परत आल्यावर क्षेत्राची किंमत तीच हवी, म्हणून त्या दिशेचा संवेग 2πn/L एवढाच असू शकतो, n पूर्णांक. आपल्याला पाचवी मिती दिसत नाही; आपल्याला दिसते ती कणांची शिडी, जिच्या प्रत्येक पायरीचं वस्तुमान m² = m₀² + (2πn/L)² (ħ = c = 1 धरून). L जितका लहान, तितक्या पायऱ्या दूर दूर.

आता सगळ्यात सोपं उदाहरण घ्या: अवकाशाची एकच मिती, तीही वर्तुळाकार, आणि वस्तुमान नसलेलं अदिश क्षेत्र (प्रत्येक बिंदूला नुसता एक आकडा). प्रत्येक मोडची शून्य-बिंदू ऊर्जा, म्हणजे कमीत कमी उरणारी ऊर्जा, ½ω (ω ही मोडची वारंवारता). n आणि −n दोन्ही धरले की एकूण (2π/L)(1+2+3+…). इथे झीटा लावू नका. कॅल्क्युलेटर घ्या. प्रत्येक n ला e^(−nε) ने गुणा, ε = 0.1 ठेवा आणि बेरीज करा. येतात 99.9167. ε = 0.05 केलं तर 399.9167. पहिल्यातून 1/ε² म्हणजे 100 वजा करा, दुसऱ्यातून 400. दोन्हीकडे उरतं −0.0833. तेच −1/12. वर्गात हा आकडा दुसऱ्यांदा आला की मागच्या बाकावरची मुलंही मान वर करतात.

पण ते 100 टाकून द्यायचा अधिकार आपल्याला कुणी दिला? खरा प्रश्न हा आहे. कटऑफ, म्हणजे वरचे मोड दाबणारा तो गुणक, मोडच्या क्रमांकावर लावायचा नसतो, वारंवारतेवर लावायचा असतो: e^(−ωa), जिथे a ही L वर अवलंबून नसलेली अगदी छोटी लांबी. मग ε = 2πa/L होतो आणि ऊर्जा निघते

L/(2πa²) − π/(6L)

पहिलं पद L च्या सम प्रमाणात आहे. म्हणजे दर मीटरला ठरावीक ऊर्जा, जी सरळ, न गुंडाळलेल्या अनंत रेषेवरही तितकीच असते. तिचा वर्तुळाशी काही संबंध नाही. ती निर्वाताच्या ऊर्जाघनतेच्या प्रतिपदात (अनंत भाग शोषून घ्यायला ठेवलेल्या पदात) जाते. गुंडाळल्यामुळे जे आलं ते फक्त −π/(6L), आणि ते सांत आहे. मी शिकत असताना कटऑफ n वर लावला होता, प्रत्येक L साठी तोच. तसं केलं की अनंत पदही 1/L सारखंच दिसतं आणि खऱ्या उत्तरापासून वेगळं काढताच येत नाही. पंधरा दिवस गेले माझे त्यात.

हे असं का होतं ते मोडच्या भाषेत कळत नाही, फेऱ्यांच्या भाषेत कळतं. लहानपणी शुक्रवारी आईबरोबर अंबाबाईच्या देवळात जायचे. आई अकरा प्रदक्षिणा घालायची, डाव्या मुठीत अकरा लवंगा, फेरी झाली की एक लवंग उजव्या हातात. मी दीपमाळेजवळ बसून राहायचे. ती समोरून गेली की मला नुसती आई दिसायची. ही तिसरी फेरी की आठवी, ते फक्त मुठीतल्या लवंगांना ठाऊक.

क्वांटम क्षेत्राच्या प्रोपगेटरचं (कण एका बिंदूपासून दुसऱ्याला कसा पोचतो हे सांगणाऱ्या फलनाचं) तसंच आहे, फक्त त्याच्याकडे लवंगा नाहीत. कण या बिंदूपासून त्या बिंदूला थेट आला, की एक फेरी मारून, की उलट्या दिशेने दोन मारून, हे वेगळं ओळखता येत नाही, म्हणून सगळ्या शक्यतांची बेरीज करावी लागते. वर्तुळावरचा प्रोपगेटर म्हणजे सपाट अवकाशातलाच प्रोपगेटर, kL एवढ्या अंतरांनी सरकवून सगळ्या k साठी बेरीज केलेला (k म्हणजे फेऱ्यांची संख्या, उलट्या दिशेने ऋण). मोडची बेरीज आणि फेऱ्यांची बेरीज एकच. पॉयसाँचं बेरीज-सूत्र एकीतून दुसरीत नेतं.

अनंत येतं ते दोन बिंदू एकमेकांना चिकटल्यावर. k = 0 मध्ये अंतर शून्य होतं, सगळी अनंतता तिथेच. k ≠ 0 असेल तर कण निदान L इतका चालून आलेला असतो, अंतर शून्य होऊच शकत नाही. वरच्या उदाहरणात k आणि −k मिळून दर लांबीला −1/(πk²L²) देतात. बेरीज करा, −π/(6L²) येतं. पहिल्या फेरीचाच वाटा सुमारे 61 टक्के. पाच मितींत तर 1/k⁵ येतो आणि पहिली फेरीच 96 टक्के काम करून जाते. क्षेत्राला वस्तुमान असेल तर लांबच्या फेऱ्या साधारण e^(−mkL) ने विझतात. फेरीगणिक क्षेत्राचं चिन्ह उलटत असेल तर (−1)^k लागतो आणि ऊर्जा धन होते: +π/(12L).

परस्परक्रिया असली तरी हाच धागा धरा. चार मितींत, एक गुंडाळलेली, λφ⁴/4! घ्या (φ क्षेत्राची स्वतःशीच परस्परक्रिया, λ तिची ताकद): k ≠ 0 च्या फेऱ्यांमुळे वस्तुमान नसलेल्या क्षेत्रालाही m² = λ/(24L²) मिळतं. L च्या जागी 1/T लिहिलं की हेच तापमानाचं नेहमीचं सूत्र होतं, कारण तापमान म्हणजे गुंडाळलेला काल्पनिक काळच. एक सावधगिरी मात्र हवी: वर्तुळ दुमडून रेषाखंड केला तर टोकाचे बिंदू स्थिर राहतात. तिथे दुमडून येणारा मार्गही शून्य लांबीचा होतो आणि त्या टोकांवर नवी अनंतता उगवते. तिच्यासाठी प्रतिपदही टोकावरच ठेवावं लागतं.

हे सगळं कागदावरचं नाही. कॅसिमिरने 1948 मध्ये दोन धातूच्या पत्र्यांमधलं जे आकर्षण सांगितलं ते याच गणिताचं, आणि ते मोजलं गेलं आहे. 1983 मध्ये ॲपलक्विस्ट आणि चोडोस यांनी दाखवलं की पाचव्या मितीत ही ऋण ऊर्जा वर्तुळाला आकसायला लावते. म्हणून ते आकसणं कशाने थांबतं, हा प्रत्येक अतिरिक्त-मिती मॉडेलला विचारायचा पहिला प्रश्न.

आता तुमच्या सरांचं गणित फेऱ्यांच्या पद्धतीने स्वतः करा. पाच मिती, एक वर्तुळ, वस्तुमान नसलेलं वास्तव अदिश क्षेत्र: चार मितींतली ऊर्जाघनता −3ζ(5)/(4π²L⁴) यायला हवी, जिथे ζ(5) म्हणजे सगळ्या 1/k⁵ ची बेरीज, k = 1, 2, 3… बरोबर निम्मं आलं तर k आणि −k दोन्ही धरलेत का ते आधी बघा. माझ्याकडे येणाऱ्या वह्यांत तो 2 नेहमी तिथेच हरवलेला असतो.